तैपेईतील नवा अंमल आणि मुंबईतील तिसरे दप्तर

तैवानने मुंबईत आपली कचेरी उघडली ती १६ ऑक्टोबर २०२४ रोजी. आणि आदल्याच दिवशी महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झालेला असल्यामुळे गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मराठी वस्तीच्या भागांत उमेदवारीच्या वाटणीखेरीज अन्य राजकारणाचा विचार करावयास त्या आठवड्यात फारशी कोणास सवड नव्हती. वस्तुतः घटना क्षुल्लक नव्हती. ज्या राज्यास भारत सरकार राज्य म्हणून मान्यता देत नाही, त्याने दिल्ली (१९९५) आणि चेन्नई (२०१२) यांच्यामागून आपले तिसरे दप्तर भारताच्या व्यापारी राजधानीत थाटावे, आणि तेही तैपेईत नवे राष्ट्राध्यक्ष अधिकारारूढ होऊन अवघे पाच महिने लोटले असताना, यात दोन्ही बाजूंची काही मसलत असली पाहिजे, हे राजकारणाच्या कोणत्याही अभ्यासकाच्या ध्यानी यावे. या कचेरीस वकिलात म्हणावयाचे नाही. तिचे अधिकृत नाव ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’. परंतु व्हिसा देणे, कागदपत्रे साक्षांकित करणे, संकटात सापडलेल्या स्वदेशीयांस साहाय्य करणे ही वकिलातीची बहुतेक कामे ती करते, आणि हे सर्वांस ठाऊक असून कोणी मोठ्याने बोलत नाही.

त्या पंधरवड्यातील घटनांचा क्रम लावून पाहिला म्हणजे या मौनाचे कारण उमगते. १४ ऑक्टोबरला चीनने तैवानच्या सभोवार मोठ्या लष्करी कवायती केल्या. १६ रोजी मुंबईची कचेरी सुरू झाली, आणि लागलीच बीजिंगने दिल्लीकडे निषेध नोंदविला. त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेने तैवानला आपली कचेरी प्रिटोरिया या राजधानीतून हलविण्यास फर्माविल्याचे उघड झाले. २१ ऑक्टोबरला लडाखच्या प्रत्यक्ष नियंत्रणरेषेवरील गस्तीसंबंधी भारत आणि चीन यांच्यात समझोता झाल्याचे दिल्लीने जाहीर केले, आणि २३ रोजी रशियातील कझान येथे मोदी व शी जिनपिंग यांची भेट झाली. एका हाताने तैवानला मुंबईत जागा द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने चीनशी हस्तांदोलन करावयाचे, हा कारभार कोणास दुटप्पी वाटेल. माझ्या मते तो दुटप्पी नसून अत्यंत हिशेबी आहे. मात्र या हिशेबात तैवान नामक एका स्वतंत्र समाजाचे, त्यांच्या पक्षांचे, त्यांच्या भांडणांचे कोणतेही कलम आपल्याकडे मांडले जात नाही. तैवान म्हणजे चीनची दुसरी बाजू, एवढ्यावर आपली जिज्ञासा संपते, आणि या सवयीची मुळे मुंबईच्या जुन्या इतिहासात आहेत.

चीनविषयीची मुंबईची भावना दोन टोकांमध्ये हेलकावे खात आली आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून मुंबईहून चीनला निघाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांनी परळच्याच राजकमल कलामंदिरातर्फे १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि कोटणिसांचे नाव मराठी घराघरात पोहोचले. हे पथक ज्या चीनमध्ये उतरले त्या चीनचे अधिकृत सरकार च्यांग कै-शेक यांच्या कुओमिंतांग पक्षाचे होते, आणि ‘चीनचे प्रजासत्ताक’ हे त्या राज्याचे नाव आजही तैपेईतील सरकार धारण करून आहे, ही गोष्ट कोटणिसांच्या स्मृतिसभांतून सहसा सांगितली जात नाही. कोटणीस पुढे उत्तरेकडे कम्युनिस्टांच्या आठव्या सेनेत गेले, तेथेच त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या स्मृतीचा वारसा सहजच बीजिंगकडे गेला.

प्रेमाचे हे टोक. संतापाचे टोक १९५९ साली दिसले. ल्हासातील उठाव मोडून काढल्याच्या निषेधार्थ २० एप्रिल रोजी समाजवादी निदर्शकांनी मुंबईतील चिनी कॉन्सुलेटच्या भिंतीवर माओंचे चित्र चिकटविले आणि त्यावर टोमॅटो व नासकी अंडी फेकली. बीजिंगने याबद्दल भारत सरकारला रीतसर खलिता धाडला आणि या प्रकाराला राष्ट्राच्या अवमानाचे रूप दिले. तीन वर्षांनी सरहद्दीवर युद्ध पेटले, कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले, आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण अभिमानाने म्हटले. इकडे गिरणगावात या युद्धाने वेगळीच फूट पाडली. परळच्या दळवी बिल्डिंगमधून ज्यांनी गिरणी कामगारांची चळवळ चालविली त्या श्रीपाद अमृत डांगे यांनी चिनी आक्रमणाचा निषेध केला, बी. टी. रणदिवे यांच्यासारखे त्यांचे जुने सहकारी दुसऱ्या बाजूस राहिले, आणि १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. फुटीची कारणे अनेक होती, पण लाल बावट्याखालील चाळींतून चीन हा शब्द त्यानंतर कित्येक वर्षे भांडणावाचून उच्चारला जात नव्हता.

या साऱ्या वादात तैवानचे नाव कोठे आले? जवळजवळ कोठेच नाही. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी माओंच्या सरकारला मान्यता दिली आणि च्यांग यांच्या सरकारशी असलेले राजनैतिक संबंध त्याबरोबर संपले. जुन्या पिढीस तैवान ठाऊक होते ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या विमानाच्या अपघातामुळे, आणि तेही ‘तैहोकू’ या जपानी नावाने. १८ ऑगस्ट १९४५ चे ते तैहोकू म्हणजे आजचे तैपेई. पुढच्या पिढीस तैवान भेटले ते लॅमिंग्टन रोडवर. गिरगावाच्या कुशीतल्या त्या बाजारात १९९० नंतर संगणकाचे सुटे भाग घ्यावयास गेलेल्या प्रत्येकाने एसर, आसुस, गिगाबाइट ही नावे ऐकली आणि ती तैवानची आहेत हे बहुधा खोक्यावर वाचले. आता तर दादरच्या मंडईत ‘तैवान पिंक’ पेरू असतो, आणि ‘रेड लेडी’ ही पपईची तैवानी जात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे.

ज्या बेटावरून ही फळे आणि हे यंत्रभाग आले ते बेट आपल्या कोकण विभागाहून थोडे मोठे, आणि त्याची लोकवस्ती सुमारे २ कोटी ३० लाख, म्हणजे मुंबई व तिच्या भोवतालचा महानगर प्रदेश मिळून जितकी भरावी साधारण तितकीच. १८९५ पासून पन्नास वर्षे तेथे जपानचा अंमल होता. १९४५ मध्ये कुओमिंतांगचे शासन आले; १९४७ च्या फेब्रुवारीत त्याविरुद्ध उसळलेला असंतोष सहस्रावधी लोकांच्या हत्येने शमविण्यात आला; आणि १९४९ मध्ये मुख्य भूमीवर पराभूत झालेले च्यांग आपल्या लवाजम्यासह तेथे येऊन राहिले. २० मे १९४९ पासून लागू झालेला लष्करी कायदा १५ जुलै १९८७ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, चालू राहिला. मधल्या काळात, १९७१ साली, संयुक्त राष्ट्रसंघातील चीनची जागा बीजिंगकडे गेली आणि १९७९ मध्ये अमेरिकेनेही आपली वकिलात तेथून उठविली. राजनैतिक मान्यता ज्या सुमारास गळत गेली त्याच सुमारास आत लोकशाही रुजत गेली, हा तैवानच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाग होय. १९८६ मध्ये बंदी मोडून डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह (लोकशाही पुरोगामी) पक्ष स्थापन झाला. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षाची पहिली प्रत्यक्ष निवडणूक झाली, आणि चीनने क्षेपणास्त्रे डागून धाक घातला असतानाही लोकांनी पदावर असलेल्या ली तेंग-हुई यांनाच निवडले. २००० पासून सत्ता दोन पक्षांत आलटून पालटून फिरत आहे.

गिरगावातील पागडीच्या खोल्यांचा व्यवहार ज्यास ठाऊक आहे त्यास तैवानची स्थिती समजावयास अडचण पडू नये: पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य आहे, दुरुस्ती स्वखर्चाने होते, शेजारी सारे ओळखतात, पण मालकीच्या कागदावर नाव दुसऱ्याचे असल्याचा दावा कायम डोक्यावर. हा दृष्टान्त एके ठिकाणी मात्र लंगडतो, आणि तेच ठिकाण महत्त्वाचे आहे. येथे दावा सांगणाऱ्या बीजिंगच्या सरकारने त्या बेटावर आजवर एक दिवसही राज्य केलेले नाही.

आता नव्या सरकारकडे वळू. १३ जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत पुरोगामी पक्षाचे लाय छिंग-ते सुमारे ४० टक्के मते मिळवून निवडून आले. लाय हे खाणकामगाराचे पुत्र. वडील खाणीतील अपघातात गेले तेव्हा ते तान्हे होते. पुढे ते डॉक्टर झाले, ताइनान शहराचे महापौर, पंतप्रधान आणि उपराष्ट्राध्यक्ष या पायऱ्या चढत आले. परंतु त्यांना मिळालेली मते म्हणजे बहुमत नव्हे. उरलेली कुओमिंतांग आणि तैवान पीपल्स पक्ष यांच्यात विभागली गेली म्हणून ते निवडून आले. त्याच दिवशी निवडलेल्या ११३ जागांच्या कायदेमंडळात कुओमिंतांगला ५२, पुरोगामी पक्षाला ५१, पीपल्स पक्षाला ८ आणि अपक्षांना २ जागा मिळाल्या. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि कायदेमंडळाच्या किल्ल्या विरोधकांच्या हाती, असा हा संसार २० मे रोजी सुरू झाला.

त्याच महिन्यात भांडी वाजू लागली. विरोधकांनी राष्ट्राध्यक्ष व अधिकारी यांना जाब विचारण्याचे कायदेमंडळाचे अधिकार वाढविणारे विधेयक रेटले. सभागृहात हाणामारी झाली, बाहेर हजारो नागरिक रस्त्यावर बसले. ऑक्टोबरात घटना न्यायालयाने त्या कायद्याचा बराचसा भाग रद्द ठरविला. त्यावर विरोधकांनी डिसेंबरात असा कायदा केला की किमान दहा न्यायाधीश असल्याशिवाय त्या न्यायालयाने निर्णय देऊ नये. न्यायाधीश उरले होते आठ, आणि राष्ट्राध्यक्षांनी सुचविलेली सातही नावे कायदेमंडळाने फेटाळली. न्यायालयास न मोडता निकामी कसे करावे याचा हा वस्तुपाठ कोणत्याही लोकशाहीतील विरोधी पक्षांनी गिरवावा असा मुळीच नाही. २०२५ च्या अंदाजपत्रकात २०० अब्ज तैवानी डॉलरहून अधिक काटछाट झाली, आणि तिची झळ अनेक खात्यांस लागली.

सत्ताधारी बाजूने यावर जो उपाय योजला तो मला विरोधकांच्या कृतीइतकाच अविचारी वाटतो. निवडून आलेल्या प्रतिनिधीस परत बोलाविण्याचा मतदारांचा हक्क तैवानच्या कायद्यात आहे. त्याचा आधार घेऊन नागरिकांच्या गटांनी कुओमिंतांगच्या सदस्यांविरुद्ध सार्वत्रिक मोहीम उघडली आणि लाय यांच्या पक्षाने तिच्या मागे आपले बळ उभे केले. २६ जुलै २०२५ रोजी चोवीस सदस्यांवर मतदान झाले, २३ ऑगस्टला आणखी सातांवर. एकतीसपैकी एकही सदस्य पडला नाही. चीनविरोध एवढ्या एका सूत्रावर मतदार प्रत्येक वेळी एकवटतील, हा सत्ताधाऱ्यांचा भ्रम तेव्हा मतपेटीने दूर केला. त्यानंतर ऑक्टोबरात चेंग ली-वुन या कुओमिंतांगच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. बीजिंगशी बोलणी वाढवावीत असे त्यांचे उघड मत आहे. नोव्हेंबरात लाय यांनी आठ वर्षांसाठी सुमारे ४० अब्ज अमेरिकी डॉलरचा विशेष संरक्षणखर्च जाहीर केला, पण त्या खर्चास मंजुरी देणारे कायदेमंडळ तेच.

बाहेरचे चित्र याहून सुखाचे नाही. लाय निवडून आल्यावर दोनच दिवसांनी नाऊरू या चिमुकल्या देशाने बीजिंगकडे तोंड फिरविले आणि तैवानला रीतसर मानणारी राज्ये बारा उरली. त्यांत युरोपातले एकटे व्हॅटिकन. २०२१ मध्ये लिथुआनियाने ‘तैवानी’ हे नाव कचेरीच्या पाटीवर येऊ दिले, त्याचे प्रायश्चित्त त्या देशाच्या व्यापाराला भोगावे लागले. अमेरिका शस्त्रे विकते, पण जकात लावताना ती मित्र पाहत नाही: एप्रिल २०२५ मध्ये तैवानी मालावर ३२ टक्के जकात घोषित झाली, ऑगस्टमध्ये ती २० टक्क्यांवर आली. (भारतावर त्याच महिन्यात ५० टक्के बसली, तेव्हा या बाबतीत आपण तैवानची कीव करण्याचे कारण नाही.) मार्च २०२५ मध्ये तैवानच्या सुप्रसिद्ध चिप कंपनीने, टीएसएमसीने, अमेरिकेत आणखी १०० अब्ज डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले. जगातील अत्याधुनिक चिपांपैकी बहुतांश या एका बेटावर तयार होतात, हेच तैवानचे कवच. ते कवच हळूहळू परदेशी नेले जात आहे अशी धास्ती तैपेईतील दोन्ही पक्षांना वाटते, आणि ती अनाठायी नाही.

भारताचे धोरण या पार्श्वभूमीवर वाचावे. २०१० नंतर ‘एक चीन’ या सूत्राचा पुनरुच्चार भारताने संयुक्त निवेदनांतून बंद केला, पण ते सूत्र नाकारलेही नाही. २०२४ च्या जूनमध्ये लाय यांनी मोदींचे अभिनंदन केले, मोदींनी आभार मानून संबंध दृढ करण्याची इच्छा प्रकट केली, आणि बीजिंगने निषेध केला. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीस आले असता तैवान हा चीनचा भाग असल्याचे भारताने म्हटले, असे चीनच्या निवेदनात छापले गेले. तेव्हा दिल्लीने आपल्या भूमिकेत बदल नसल्याचे सांगून तैवानशी आर्थिक, तांत्रिक व सांस्कृतिक संबंध असल्याचे पुन्हा नमूद केले. एवढ्या अरुंद पट्टीवर मुंबईची कचेरी उभी आहे.

आणि त्या पट्टीवर महाराष्ट्राने आजवर काय मिळविले, याची कथा तळेगावात सांगावी लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनने महाराष्ट्रात पाच अब्ज डॉलर गुंतविण्याच्या करारनाम्यावर देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारबरोबर सही केली. कारखाना आला नाही. १५ जून २०२० रोजी चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तळेगावात ३,७७० कोटी रुपये ओतण्याचा करार राज्याशी केला. त्याच रात्री गलवान घडले आणि करार स्थगित झाला. मग २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावात येणार म्हणून आनंद झाला, आणि १३ सप्टेंबरला तो गुजरातेस गेला. त्यावर मुंबईत केवढे रण माजले! कोणी कोणास विकले, कोणी दिल्लीपुढे मान तुकविली, यावर महिनोन्‌महिने सभा गाजल्या. पण फॉक्सकॉनला चिप बनविण्याची विद्या स्वतःस अवगत आहे काय, हा साधा प्रश्न त्या गदारोळात क्वचितच ऐकू आला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्याच्यासाठी भांडलो ते कोणाकडेच गेले नाही. सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरचे पाहुणे तळेगावच्या वेशीपर्यंत येऊन परतले, आणि दर वेळी आपण त्यांच्याकडे आपल्याच भांडणाच्या चष्म्यातून पाहिले.

दक्षिण मुंबईतील बॉम्बे हाऊसने याउलट मार्ग धरला. टाटांनी तैवानच्या विस्ट्रॉनचा कर्नाटकातील कारखाना २०२३ मध्ये घेतला, २०२५ च्या जानेवारीत पेगाट्रॉनच्या भारतीय कंपनीत साठ टक्के वाटा घेतला, आणि पॉवरचिप या तैवानी कंपनीची विद्या घेऊन धोलेरा येथे ९१,००० कोटींचा चिप कारखाना उभारावयास घेतला. कारखाने महाराष्ट्राबाहेर आणि त्यांची सूत्रे फोर्टात, हा मुंबईच्या भांडवलाचा जुनाच रिवाज; तैवानने मुंबईत दप्तर का उघडले याचे उत्तरही बहुधा याच इमारतीच्या आसपास शोधावे लागेल.

एक संबंध मात्र कोणत्याही सरकारच्या अनुमतीवाचून जुळला आहे. डॉ. आंबेडकरांचा बुद्धांवरील इंग्रजी ग्रंथ मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने १९५७ साली छापला. पुढे तैपेईतील बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशन या संस्थेने तो ग्रंथ, व त्याचा हिंदी अनुवादही, विनामूल्य वाटण्यासाठी छापून भारतात पाठविला. तैपेईचा छाप असलेल्या त्या प्रती आज महाराष्ट्रातील अनेक बौद्ध घरांत आहेत. चिपांचा हिशेब मांडणाऱ्या आढाव्यांत याचा उल्लेख येत नाही, म्हणून येथे केला.

उरतो मजुरांचा प्रश्न, आणि गिरणगावच्या वाचकास तो सर्वांत जवळचा वाटावा. तैवानात जन्म घटत आहेत, वृद्ध वाढत आहेत. इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स व थायलंड येथील आठ लाखांवर परदेशी मजूर तेथे आधीच राबतात. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी, आधीच्या राष्ट्राध्यक्षा त्साय इंग-वेन यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या महिन्यांत, भारतीय मजूर नेण्याचा करार झाला. त्यानंतर तेथील मजूरमंत्र्यांनी ईशान्य भारतीयांच्या वर्णाविषयी अनुदार उद्गार काढले आणि त्यांना क्षमा मागावी लागली. लाय सरकारने या कराराची अंमलबजावणी अतिशय सावधपणे चालविली आहे, कारण तेथील जनमत त्यास पूर्णतः अनुकूल नाही. परदेशी मजुरांकडून दलाल जी जबर दलाली उकळतात तिच्याबद्दल तैवानात अनेक वर्षे तक्रार आहे. कोकणातून माणसे आणून गिरणीत लावणाऱ्या जॉबरांचा अनुभव ज्या वस्तीने घेतला तिला ही तक्रार नवी नाही. महाराष्ट्रातून उद्या कोणी या करारान्वये गेला तर दलाली कोण देणार, पगाराची हमी कोणाची, आणि वकिलात नसताना दाद कोठे मागावयाची, हे प्रश्न मुंबईच्या कचेरीपुढे ठेवावयास आजच हरकत नाही.

तैपेईत सरकार बदलले तर हे सारे विस्कटेल, ही भीती मला पटत नाही. दिल्लीचे दप्तर ली तेंग-हुई यांच्या काळात आणि चेन्नईचे राष्ट्राध्यक्ष मा यिंग-जिऊ यांच्या काळात उघडले, आणि तेव्हा हे दोघेही कुओमिंतांगचे होते. मुंबईचा निर्णय जुलै २०२३ मध्ये त्साय यांच्या कारकिर्दीत जाहीर झाला आणि लाय यांच्या काळात तडीस गेला, व हे दोघे पुरोगामी पक्षाचे. चीनशी कसे वागावे यावर जे पक्ष एकमेकांचे गळे धरतात ते भारताकडे जाण्याच्या वाटेवर गेली तीस वर्षे एकाच दिशेने चालत आले आहेत. या वाटेची रुंदी ठरते ती दिल्लीत, आणि दिल्ली ती बीजिंगकडे पाहून ठरविते. २०२६ च्या नोव्हेंबरात तैवानात स्थानिक निवडणुका आहेत, २०२८ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षपदाची. त्यांत लाय टिकोत वा चेंग यांचा पक्ष परतो, मुंबईचे दप्तर चालू राहील असा माझा कयास आहे.